गोडाची लाज

सोमवार, ६ नोव्हेंबर २००६

आज उद्योग विहारमधल्या एका तळघरात उतरले आणि नोकरीला लागले. वय एकोणपन्नास. तेवीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत मध तपासला. रंग, ओलावा, साखर, वास, भेसळ आणि शेवटी पास किंवा नापास. मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली, कारण क्वार्टर सोडून आम्ही गुडगावच्या अकराव्या मजल्यावर राहायला आलो आणि रोजचं दिल्लीला जाणं पाठीला झेपेना. मग सहा महिने बाल्कनीत उभी राहून समोरच्या टॉवरचे मजले चढताना पाहिले. सतराव्याचा स्लॅब पडला त्या दिवशी ठरवलं, आता पुरे.

कंपनी परदेशी वाइन मागवून हॉटेलांना विकते. मालक अविनाश माळी, मूळचे तासगावचे, बेचाळीस वर्षांचे, बारा वर्षं मोठ्या हॉटेलांत काढलेले. बोलताना टायची गाठ सारखी चाचपतात. विक्री बघते ती सुकन्या. वडील सुभेदार, जन्म-शिक्षण सगळं दिल्ली कॅन्टमध्ये, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. माझ्याकडे बाटल्यांच्या मागची लेबलं, आयातीचे कागद आणि तपासणीचे नमुने. मी आयुष्यात वाइन चाखलेली नाही, हे मुलाखतीतच सांगून टाकलं होतं. अविनाश सर म्हणाले, "ताई, मला तुमचं नाक पाहिजे. बाकीचं होईल." गंमत केली असणार.

घरी आले तेव्हा गुणवंत फोनवर पुण्याच्या दिरांना सांगत होते, "इम्पोर्ट-एक्स्पोर्टचं ऑफिस आहे." तसं खोटंही नव्हतं.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

आज चाखली.

टेबलावर सहा ग्लास, शेजारी एक बादली. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. सगळे व्यवस्थित कपड्यांत उभे राहून थुंकतात, हे बघून मला हसू आवरेना. पहिल्या पाच लाल. कोरा चहा अर्धा तास उकळून गार करावा, तशा. सुकन्या कुजबुजली, "आंटी, तोंड सूख जातं ना? त्याला मराठीत काय म्हणतात?" म्हटलं, "तुरट." तिने तो शब्द वहीत लिहून घेतला, जसा काही फ्रेंच आहे.

सरांनी समजावलं, ह्यांना ड्राय म्हणायचं, साखर शिल्लक ठेवलेली नसते. "शिकलेला माणूस ड्राय पितो, ताई. गोड म्हणजे नवशिक्यांचं काम."

शेवटी सुकन्याने मागच्या कप्प्यातून एक बुटकी बाटली काढली. सर म्हणाले, "ती राहू दे," पण तोवर तिने ओतली होती. रंग सोनेरी, जुन्या पितळेवर ऊन पडावं तसा. ग्लास नाकाशी नेला आणि मी स्टूल ओढून बसले. आधी जर्दाळू आले, मग उन्हात वाळवलेली संत्र्याची साल, मग दुधात भिजवलेलं केशर, आणि सगळ्यांच्या खाली, अगदी तळाशी, कारवीचा मध. कारवी सह्याद्रीत कितीतरी वर्षांनी एकदा फुलते. तेवीस वर्षांत तो मध माझ्या टेबलावर तीनदा आला. चौथ्यांदा भेटला तो गुडगावच्या तळघरात.

"ह्यात मध घालतात?" मी विचारलं.

"एक थेंब नाही," सर म्हणाले.

घोट घेतला. दाट, गोड. आता जास्त होणार असं वाटतंय तोच लिंबू पिळल्यासारखा आंबटपणा आला आणि जीभ धुऊन गेला. आणि तरी चव गेली नाही. मी गिळून टाकलं. बादलीचं भानच राहिलं नाही. सरांनीही थुंकल्याचं दिसलं नाही. त्यांचा फोन वाजत होता, घाईत असतील.

त्यांनी विचारलं तसं मी सगळं सांगितलं, कारवीसकट. ते भिंतीकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "हिची नोंद नको करायला. ही इथे कुणी घेत नाही." आणि बाटली घेऊन केबिनमध्ये गेले.

रिक्षात वाईट वाटत होतं. सहांतली नेमकी नवशिक्यांची मला आवडावी! घरी गुणवंतांनी विचारलं, "आज काय चाखलंस?" पाळत ठेवल्यासारखं विचारतात. मी म्हटलं, "लाल."

मंगळवार, १४ नोव्हेंबर

आज सरांना विचारलं, ती सोनेरी करतात कशी. त्यांनी कागद बाजूला सारले आणि चाळीस मिनिटं बोलले. इतकं बोलताना मी त्यांना पाहिलेलं नाही. टायला हातही लावला नाही.

हंगेरीत तोकाय नावाचा भाग आहे. दोन नद्यांचा संगम. शरद ऋतूत पहाटे नद्यांवरून धुकं उठतं आणि मळ्यांत येऊन बसतं. दुपारी ऊन पडतं. त्या धुक्याने द्राक्षांना बुरशी लागते. एरवी बुरशी लागली की पीक गेलं. पण इथे धुकं आणि ऊन आलटून पालटून येतं, त्यामुळे ही बुरशी सालीला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि गोडी, आंबटपणा, वास सगळं एवढ्याशा सुरकुतलेल्या मण्यात साठतं. दिसायला राखाडी, लव आलेले, कुणी ताटात वाढले तर आपण उठून जाऊ असे. बायका ते एकेक करून वेचतात. घड तोडत नाहीत, मणी वेचतात. आज हा, परवा शेजारचा, तिसऱ्यांदा त्याच वेलीशी. कधी ऐन वेळी पाऊस आला की वर्षच फुकट.

मी घरी येऊन पोळ्या लाटत होते आणि हात थांबला. तेवीस वर्षं बुरशी दिसली की मी 'नापास' लिहिलं. बरोबरच लिहिलं म्हणा, नियम तोच होता. पण जगात अशी एक जागा आहे जिथे माणसं नासण्याची वाट बघत बसतात, आणि नासता नासता ते दुसरंच काहीतरी होऊन जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मधमाश्या पंखांनी वारा घालून फुलांच्या रसातलं पाणी उडवतात तेव्हा मध होतो, हे पहिल्यांदा शिकले त्या दिवशी असंच झालं होतं. एकविसाव्या वर्षी. परत तसं होईल असं वाटलं नव्हतं.

सोमवार, २० नोव्हेंबर

गोदामात त्या सोनेरी वाइनच्या चाळीस पेट्या आहेत. वर्ष झालं, एकही हललेली नाही. सर म्हणतात, एजंटाने चूक केली, मागवली होती ड्राय आणि पाठवली ही. जुने कागद लावताना मूळ ऑर्डर सापडली. त्यावर सरांच्याच हातची नोंद आहे, गोडच वाइन, चाळीस पेट्या, आणि पेट्यांच्या आकड्याखाली दोनदा रेघ. एजंटाने सांगितलं ते घाईघाईत उतरवून घेतलं असेल बिचाऱ्यांनी. कागद परत फायलीत ठेवला. उगाच लाजवायला नको.

शनिवार, २५ नोव्हेंबर

आज एका हॉटेलात वाइन क्लबचा कार्यक्रम होता. पन्नासेक माणसं, सगळी नव्या गुडगावची. कंपन्यांचे मोठे लोक, त्यांच्या बायका, दोन डॉक्टर. मी निळी कांजीवरम नेसले आणि तिथे गेल्यावर वाटलं, लग्नाला आल्यासारखी दिसतेय.

शेवटी मिठाईबरोबर सोनेरी वाइन ओतली तेव्हा एका गृहस्थांनी ग्लासवर हात ठेवला. "नो नो, मैं सिर्फ ड्राय पीता हूँ." त्यांच्या टेबलावरच्या सगळ्यांनी मग हात ठेवले. कुणीतरी म्हणालं, "ये तो कफ सिरप है." हसले सगळे. सरही हसले, सगळ्यांत मोठ्याने.

मग तेच गृहस्थ माझ्याकडे वळले. "मॅडम, आप तो एक्स्पर्ट हैं. आपकी फेवरेट?"

मी म्हटलं, "तिसरी. लाल."

खोटं बोलले. भेसळीचा मध पास करा म्हणून वरून फोन यायचे तेव्हा मी कधी सही केली नाही. आणि आज एका अनोळखी माणसासमोर, स्वतःच्या जिभेबद्दल, कारण नसताना खोटं बोलले.

हात धुवायला गेले तर त्याच टेबलावरची एक बाई आरशासमोर उभी. चंद्रप्रभा जैन म्हणून आहेत, शाळा चालवतात. आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, "सुनिए, वो मीठी वाली… बची है क्या?" मी आत जाऊन ग्लास आणून दिला. त्यांनी तो तिथेच, बेसिनपाशी उभ्या राहून प्यायला. डोळे मिटून. आणि म्हणाल्या, "किसी को बताइएगा मत."

सोमवार, ४ डिसेंबर

तोकायहून मेल आली. ज्यांच्या मळ्यातली ही वाइन, त्या इलोना बाई जानेवारीत दिल्लीला येताहेत. वय सत्तर. लिहितात, माझी वाइन भारतात कोण पितं, कशाबरोबर पितं, ते मला बघायचं आहे.

सरांचा चेहरा उतरला. त्यांच्याकडूनच आपली पांढरी ड्रायसुद्धा येते, आणि हॉटेलांत खपते ती तेवढीच. बाईंनी एजन्सी काढून घेतली तर कंपनीत उरतं काय? सर म्हणाले, "मी परत कुठल्यातरी हॉटेलात लागेन. सुकन्या तरुण आहे. ताई, तुमचं मात्र…" मला कळलं. ह्या वयात मला दुसरं तळघर कोण देणार?

"जेवण ठेवू या," मी म्हटलं. "त्यांना पिणारी माणसं दाखवू."

"कुठून आणायची?"

एक मला माहीत होती. पण तिने सांगू नका म्हटलं होतं.

रविवार, १० डिसेंबर

दिवसभर स्वयंपाकघरात. सरांनी अर्धी बाटली दिली होती. एकेक पदार्थ, एकेक घोट, आणि वहीत नोंद, अगदी लॅबसारखी.

गुलाबजाम: सपशेल नापास. वाइन आंबट लागली, नुसती आंबट, पाणचट. श्रीखंड: तेच. बासुंदी: तेच. आता कळलं क्लबात काय चुकलं ते. हॉटेलवाले गोड वाइन नेहमी मिठाईबरोबर देतात. मिठाई वाइनपेक्षा गोड, म्हणून वाइन मरते. वाइन नेहमी ताटातल्या पदार्थापेक्षा गोड पाहिजे.

मग उलट्या बाजूने गेले. खारे काजू: उत्तम. अळूवडी: फारच छान, चिंच-गूळ तिला ओळखीचे असल्यासारखे. मिरचीचा ठेचा भाकरीवर: मी घाबरत घाबरत घेतला. तिखटाने जीभ पेटली आणि घोटाने अशी विझली की मी ओट्यापाशी उभी राहून एकटीच हसले.

गुणवंत पेपर घेऊन दारात. "मला पाजू नकोस. ह्या वयात नव्या चवी कशाला? पण ते निळं काय आहे?"

"चीज. हॉटेलच्या किचनमधून आणलंय. बुरशीचं."

"हेही बुरशीचं?" त्यांनी वास घेतला आणि मागे सरले. मी चिजाचा तुकडा खाल्ला, वर वाइन. बुरशीवर बुरशी. काय सांगू! खारट आणि गोड एकमेकांना असे भिडले की दोन्ही नाहीसे झाले आणि तिसरंच काहीतरी उरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने नव्हे.

गुणवंत माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तळलेल्या सुरणाच्या कापांबरोबर बघ. मीठ जरा जास्त घाल." दुपारभर ते स्वयंपाकघरातच होते. मे महिन्यात त्यांची निवृत्ती आहे. वेळ जात नाही बहुधा. संध्याकाळी माझी वही मागून नीट वाचली आणि 'सुरण' चुकीच्या रकान्यात होतं ते दुरुस्त केलं.

गुरुवार, १४ डिसेंबर

क्लबचा कार्यक्रम झाला त्याच हॉटेलात इलोना बाईंचं जेवण ठरवायला गेलो. तिथले मॅनेजर सेठी. ६ जानेवारी, शनिवार, दुपारचं जेवण हिरवळीवर, तीस पाहुणे. इथवर ठीक. पण सोनेरी वाइन शेवटी, गाजर हलव्याबरोबर, ह्यावर अडून बसले.

मी म्हटलं, "सर, हलव्याबरोबर ती आंबट लागेल. पहिल्यांदा द्या. खारं, तिखट, चीज ह्यांच्याबरोबर."

"मॅडम, मीठा पहले? लोग हँसेंगे."

मी अविनाश सरांकडे पाहिलं. ते टायशी खेळत होते. शेवटी म्हणाले, "सेठीसाहेब बरोबर आहेत, ताई. रीत आहे ती."

परतताना गाडीत सर म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही हे लोक कसे असतात." मी म्हटलं, "सर, मला एवढंच माहीत आहे की त्या बाई सत्तराव्या वर्षी सात समुद्र ओलांडून येणार आणि त्यांची वाइन आपण हलव्याबरोबर मारणार." फार बोलून गेले का मी? सरांना ती वाइन मुळातच आवडत नाही, त्यांना काय वाटणार!

रविवार, २४ डिसेंबर

चंद्रप्रभा जैन यांना आमंत्रण द्यायला फोन केला. "वही वाली होगी?" त्यांनी विचारलं. होय म्हटलं. "सबके सामने?" होय. मग, "आऊँगी."

शुक्रवार, ५ जानेवारी २००७

धुकं. बाल्कनीतून समोरचा टॉवर दिसत नाही. त्याचे चोवीस मजले गिळून टाकलेत. इलोना बाईंचं विमान आज सकाळी यायचं होतं, ते दुसऱ्याच शहरात उतरवलंय. सुकन्या दिवसभर विमानतळावर बसून होती. सरांचे सात फोन आले. सातव्या फोनला म्हणाले, "नाही आल्या तर बरंच होईल, ताई." आणि लगेच, "नाही, तसं नाही. याव्यात."

मला झोप येईल असं वाटत नाही.

रविवार, ७ जानेवारी

कालचं सगळं आज लिहिते.

सकाळचे अकरा वाजून गेले तरी हिरवळीवर धुकं होतं. पांढरी टेबलं धुक्यात तरंगल्यासारखी. पाहुणे शाली गुंडाळून येत होते आणि चहा मागत होते. साडेअकराला सुकन्याची गाडी आली. इलोना बाई विमानतळावरून थेट. ठेंगण्या, डोक्याला रुमाल, हात आमच्याकडच्या शेतावरच्या बायकांसारखे, बोटांची पेरं जाड. सामानातलं त्यांनी एकच हातातून सोडलं नव्हतं, एक लाकडी डबी.

कुणाला नमस्कार न करता त्या हिरवळीच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. वर बघत होत्या. तेवढ्यात धुकं फाटलं आणि ऊन आलं. त्या हसल्या आणि मला म्हणाल्या, "हे तर आमचं हवामान आहे. तुमच्याकडेही असं होतं?" म्हटलं, "फक्त धुकं आणि ऊन. द्राक्षं नाहीत."

सेठींनी हलव्याची तयारी ठेवलीच होती. वेटर ड्राय घेऊन निघाले. अविनाश सर स्वागताला उभे राहिले आणि त्यांच्या नेहमीच्या इंग्रजीत सुरुवात केली, शेवटी एक डेझर्ट वाइन असेल, ज्यांना गोड चालतं त्यांच्यासाठी…

इलोना बाईंनी त्यांना थांबवलं. आवाज चढवून नाही, अगदी साधेपणाने. "मिस्टर माळी, तुम्हाला आवडते का ती?"

सरांचा हात टायकडे गेला. मला त्यांची इतकी दया आली की काय करतेय हे कळायच्या आत मी उभी राहिले. माझं हिंदी दिल्लीचं, इंग्रजी सरकारी, जे आलं त्यात बोलले. "मला आवडते. मी तेवीस वर्षं मध तपासला. नोव्हेंबरमध्ये ह्याच हॉटेलात मला विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं, लाल आवडते म्हणून. ते दुरुस्त करायचं आहे. मला ही गोड वाइन सगळ्यांत जास्त आवडते." आणि बसले. कानशिलं तापली होती.

सर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी टायची गाठ सैल केली. इतकी की टाय नुसता लोंबला.

"माझ्या वडिलांची बेदाण्याची शेड आहे," ते हिंदीत बोलू लागले. "तासगावला. लहानपणी मी तिथे झोपायचो. वाळणाऱ्या द्राक्षांचा वास अंगाला लागायचा, शाळेत मुलं चिडवायची. एकवीस वर्षांचा असताना हॉटेलात लागलो. पहिल्याच ट्रेनिंगला साहेबांनी विचारलं, कुठली आवडली? मी म्हटलं, ती गोड. सगळी बॅच हसली. साहेब म्हणाले, गाँव से आया है. त्यानंतर एकवीस वर्षं मी गोड थुंकत आलो, लोकांसमोर. तुमची वाइन मी पहिल्यांदा प्यालो तेव्हा मला आमच्या शेडचा वास आला. चाळीस पेट्या एजंटाने नाही पाठवल्या. मी मागवल्या. कुणाला तरी आवडेल म्हणून."

दोन महिने शेजारी बसून, एवढं नाक असून, मला ह्या माणसाचा वास लागला नाही.

मग ते सेठींकडे वळले. "हलवा नंतर. आधी ही आणा. ताई सांगतील कशाबरोबर."

ऑर्डर दिल्यासारखं बोलले. सेठी गेले.

पुढचं भराभर झालं. सुरुवातीचे पदार्थ माझ्या यादीतलेच होते, फक्त वाइन बदलली. ठेचा लावलेले भाकरीचे तुकडे, अळूवडी, सुरणाचे काप, निळं चीज. चंद्रप्रभा जैन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "मुझे पहला," आणि सगळ्यांसमोर ग्लास उचलला. त्यांच्या आवाजाने दोन बायका उठल्या. मग एक डॉक्टर. 'सिर्फ ड्राय' वाले गृहस्थ बराच वेळ नुसते बघत होते. शेवटी त्यांनी ठेचा खाल्ला, खोकले, आणि समोर दुसरं काही नसल्यामुळे सोनेरी ग्लास उचलला. मग त्यांनी ग्लासमध्ये बघितलं. मग सुकन्याला बोलावून बाटलीवरचं नाव वाचून घेतलं. सुकन्या मला येऊन म्हणाली, "आंटी, ते म्हणाले तुरट नाहीये!" शब्द बरोबर वापरला तिने.

इलोना बाई जेवल्या नाहीत. टेबलाटेबलाशी उभ्या राहून माणसं पिताना बघत होत्या. ठेचा मात्र तीनदा मागून घेतला.

तीनच्या सुमारास पाहुणे पांगले. सेठींनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, ही त्यांना मेन्यूवर हवी आहे, पहिल्या पानावर, चीज आणि तिखटाबरोबर. सुकन्याकडे अकरा पेट्यांची मागणी लिहिलेली होती. एजन्सीबद्दल इलोना बाई काहीच बोलल्या नाहीत. सरांच्या गालावर हात ठेवला, आईने ठेवावा तसा, तेव्हा समजलं, एजन्सी आपल्याकडेच राहणार.

गुणवंत मला न्यायला आले होते. हिरवळीच्या कडेला गाडीची किल्ली हातात घेऊन उभे. इलोना बाईंनी विचारलं कोण, मी सांगितलं. त्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि मग लाकडी डबी उघडली.

आत बोटभर उंचीची बाटली आणि काचेचे लांब चमचे. बाई सावकाश सांगत होत्या. सरकारने त्यांच्या वडिलांचा मळा घेतला तेव्हा त्या लहान होत्या. पुढे तीस वर्षं त्यांनी त्याच मळ्यात मजुरीने मणी वेचले. राजवट बदलली, मळ्याचा एक तुकडा परत मिळाला, आणि १९९३ च्या शरदात पहिल्यांदा स्वतःचे मणी वेचले. ते भांड्यात रचून ठेवले. कुणी दाबले नाहीत, पिळले नाहीत. मण्यांच्या स्वतःच्याच भाराने तळाशी जो रस झिरपला, थेंब थेंब, तेवढाच हा. इतका गोड की तो फसफसायलाच वर्षं लागली. ही ग्लासने पीत नाहीत, चमच्याने घेतात.

त्यांनी सरांना दिला, सुकन्याला दिला, मला दिला. चौथा चमचा भरला आणि गुणवंतांपुढे धरला. मी म्हणायला लागले की हे घेत नाहीत. गुणवंतांनी चमचा घेतला.

चवीबद्दल मी काही लिहू शकत नाही. मघाशी प्रयत्न केला, तीन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. वितळलेलं ऊन म्हणावं तर ते खोटं, मध म्हणावं तर ते फार थोडं. तेरा वर्षांपूर्वीची एक दुपार होती, आणि ती अजून संपलेली नव्हती. एवढंच. हिरवळीवर वेटर टेबलं उचलत होते तेही सावकाश चालताहेत असं वाटलं.

नमस्कार करून निघालो. गुणवंत गप्प. मला वाटलं, रागावले. सगळ्यांसमोर नाही म्हणता आलं नाही म्हणून घेतला असेल. नव्या एक्स्प्रेसवेच्या अर्धवट खांबांपाशी आलो, धुळीत ट्रक उभे, आणि त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"अहो, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

त्यांनी हात वर केला. "थांब जरा. तोंडात आहे अजून."

मी थांबले. बाजूने बस गेल्या, डंपर गेले. सूर्य खांबांच्या सळयांमधून आत आला आणि त्यांच्या मांडीवर पडला. एकतीस वर्षांच्या संसारात हा माणूस रस्त्यात विनाकारण थांबल्याचं मला आठवत नाही. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. शेवटी मी हळूच विचारलं, "गेली?"

डोळे मिटलेलेच होते त्यांचे. मान हलवली. नाही.